खोटी साक्ष

एक सावकार आहे. त्याचे एका गृहस्थाकडे हजार रुपये येणे आहे. येणे अगदी खरे आहे. पैसे खरोखरीच दिलेले आहेत आणि ते परत आलेले नाहीत. पण सावकाराजवळ कागद नाही. प्रकरण न्यायालयात जाते आणि सावकाराचा एक स्नेही साक्षीला उभा राहून सांगतो, "देणे आहे असे या गृहस्थाने माझ्यासमक्ष कबूल केले होते." वस्तुतः तसे काही त्याने ऐकलेले नसते. आता हा स्नेही गुन्हेगार होय की नव्हे? आपण चारचौघे ओट्यावर बसून याचा निकाल लावू लागलो, तर बहुतेकांचा कौल त्याच्या बाजूने पडेल. खऱ्याला हात दिला, त्यात पाप कोणते?

कायदा मात्र त्याला गुन्हेगार म्हणतो. १८६० साली तयार झालेल्या भारतीय दंड संहितेत खोट्या साक्षीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली समजुतीसाठी दिलेले पहिलेच उदाहरण हे आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, व्याख्या बदलली नाही. कायद्याचा रोख ध्यानात घेण्यासारखा आहे. मागणी खरी की खोटी, हे ठरविण्याचे काम न्यायाधीशाचे. साक्षीदाराने फक्त आपण पाहिले, ऐकले ते सांगावयाचे. तो जेव्हा न ऐकलेले ऐकले म्हणून सांगतो, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर तो स्वतःच जाऊन बसतो. आणि आज खऱ्यासाठी बसला, म्हणून उद्या खोट्यासाठी बसणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या बाबतीत थोडी निराळी वाट धरली होती. खोट्या साक्षीदाराला नरकाचे भय त्यांनी पुष्कळ घातले. पण खरे बोलल्याने एखाद्याचा वध ओढवणार असेल, तर तेथे असत्य बोलण्यास मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही मोकळीक दिली. नुसती मोकळीक देऊन ते थांबले नाहीत, तर त्या असत्याबद्दल सरस्वतीला चरू अर्पण करून शुद्ध व्हावे, असे प्रायश्चित्तही सांगितले. अपराध वाणीचा, तेव्हा क्षमा वाग्देवतेची. कल्पना मोठी हृद्य आहे, यात शंका नाही. आधुनिक कायद्यात अशा चरूला स्थान नाही. तेथे सात वर्षांपर्यंत कैद आहे.

न्यायाच्या कामात आड येणाऱ्या गुन्ह्यांचे एक संपूर्ण प्रकरणच संहितेत आहे. पुरावा नाहीसा करणे, गुन्हेगाराला दडवून ठेवणे, कोणावर तरी जाणूनबुजून खोटा आळ घालून खटला भरणे, खोटा दाखला देणे, असे कितीतरी प्रकार त्यात येतात. आपले दागिने दुसऱ्याच्या पेटीत नेऊन ठेवायचे आणि मग ते तेथे सापडले म्हणून ओरड करायची, हा बनावट पुराव्याचा मासला संहितेनेच दिला आहे. दुकानाच्या वहीत मागाहून खोटी नोंद करणे हा दुसरा. न्यायालयाच्या बेअदबीचा कायदा वेगळा आहे, तो १९७१ चा. त्याच्या वाटेला मी आज जात नाही. या साऱ्यांच्या मुळाशी असलेला गुन्हा खोट्या साक्षीचा, त्याविषयीच बोलावे म्हणतो.

त्यात एक बारकावा आहे. "मला वाटते", "माझी अशी समजूत आहे" असे म्हणून साक्षीदाराची सुटका होत नाही. सही अमक्याची आहे असे मला वाटते, असे तो म्हणाला आणि मनातून त्याला तसे वाटत नसले, तर तेही खोटेच. उलट, मनापासून तसे वाटत असेल आणि सही दुसऱ्याची निघाली, तर तो निर्दोष. गुन्हा जिभेवर घडतो खरा, पण तो शोधायचा मनात. ही अडचण साधी नाही, आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते सगळे या एका अडचणीतून निघते.

मनातले खोटे बाहेर कसे काढावे, हा प्रश्न मानवजातीला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. आपल्याकडे मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद चाले, तेव्हा साक्षीमोझ्यांनी उलगडा झाला नाही तर दिव्य करण्याची पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. नंतर हात बांधून त्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी सोडून पाहत. फोड आला तर माणूस खोटा. कंपनीचे राज्य आले तेव्हा दिव्ये गेली, पण गंगाजळ आणि कुराण न्यायालयात राहिले. मग १८४० च्या एका कायद्याने कंपनीच्या न्यायालयांतून या शपथाही काढून टाकल्या आणि हिंदूंनी व मुसलमानांनी नुसती गंभीर प्रतिज्ञा करावी असे ठरले. आपले चित्रपट पाहणाऱ्यास हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पडद्यावर साक्षीदाराचा हात अद्याप गीतेवरच ठेवला जातो! सध्या लागू असलेला शपथांचा कायदा १९६९ चा. ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, एवढेच त्यात आहे, ग्रंथाचे नाव नाही. शिवाय तोच कायदा आणखी म्हणतो की, शपथ द्यावयाची राहून गेली तरी साक्ष रद्द होत नाही आणि साक्षीदाराची खरे बोलण्याची जबाबदारी टळत नाही.

इतकी सगळी तजवीज असताना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाल्याचे आपल्या कानी किती वेळा येते? अगदी क्वचित. ज्या न्यायालयात दोन साक्षीदार एकाच प्रसंगाविषयी परस्परविरुद्ध बोलतात, तेथे त्यांपैकी एक तरी पुष्कळदा जाणूनबुजून खोटे बोलत असतो. तरीही दोघेही संध्याकाळच्या गाडीने घरी जातात. याचे एक कारण असे की, या गुन्ह्याच्या दाराला कायद्याने मुद्दाम एक कुलूप घातले आहे. चोरी झाली तर कोणीही फिर्याद देऊ शकतो. पण न्यायालयापुढे कोणी खोटे बोलले, तर हरलेल्या पक्षकाराला परस्पर खटला भरता येत नाही. फिर्याद न्यायालयानेच केली पाहिजे. आणि तीही, तसे करणे न्यायाच्या हिताच्या दृष्टीने इष्ट आहे, असे त्याचे मत झाले तर. हे कुलूप नसते, तर प्रत्येक दाव्याच्या पोटी दहा फौजदारी खटले जन्मले असते, आणि साक्षीला उभे राहण्याचे धाडस कोणी केलेच नसते.

परंतु किल्ली न्यायाधीशाच्या हाती दिली म्हणजे सारे निर्वेध झाले, असे मात्र नाही. याचे महाराष्ट्राला चांगले परिचित असलेले उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण. लोकमान्य टिळकांचे राजद्रोहाचे खटले सर्वांच्या स्मरणात आहेत. खोट्या साक्षीबद्दलही त्यांना शिक्षा झाली होती, ही गोष्ट त्या मानाने कमी लोक जाणतात.

पुण्याचे प्रथम दर्जाचे सरदार श्रीबाबामहाराज हे टिळकांचे स्नेही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये पटकीने ते अंथरुणाला खिळले. टिळक त्या वेळी पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटून आले होते. ७ ऑगस्टला, मृत्यू समोर दिसत असता, बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळकांचे व अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचे नाव घातले. त्यांच्या पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. पुत्र झाला तर उत्तमच. न झाला किंवा न जगला तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी योजना होती. पुत्र झाला, पण तो थोड्याच दिवसांत गेला. तेव्हा दत्तकाचा शोध सुरू झाला आणि १९०१ च्या जून महिन्यात औरंगाबादेस जगन्नाथ नावाचा मुलगा ताईमहाराजांनी दत्तक घेतला. तो घेतला की नुसता पाहून ठेवला, यावरच पुढे सारे महाभारत झाले.

पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन पालटले. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या आणि कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा घेण्याचा त्यांचा बेत झाला. त्यांचे कान भरणारे लोक होते, असे टिळकांचे चरित्रकार सांगतात; ते खोटे असेल असे मला वाटत नाही. तथापि त्यांच्या बाजूनेही एकदा विचार करून पाहावा. वय कोवळे, पती गेलेला, मूल गेलेले. दत्तक एकदा मांडीवर बसला की इस्टेटीवरचा आपला हक्क संपला. आणि भोवती कायदा जाणणारे मोठमोठे पुरुष. कोणाचे ऐकावे हे त्यांना उमगले नसेल, तर तो त्यांचा दोष मानण्यास मी तयार नाही.

ताईमहाराजांनी मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला. तो पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे चालला. टिळकांची साक्ष झाली, दीर्घ उलटतपासणी झाली. १९०२ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅस्टनसाहेबांनी प्रोबेट तर रद्द केलेच, पण मघाशी सांगितलेली किल्लीही फिरविली. टिळकांवर खोटी साक्ष, बनावट पुरावा, खोटी फिर्याद वगैरे आरोप ठेवून त्यांनी त्यांना मॅजिस्ट्रेटकडे धाडले. प्रोबेटचा तो हुकूम पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही. पण फौजदारीची गाडी सुरू झाली ती झालीच. खास मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांच्यासमोर खटला चालून २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. औरंगाबादेस दत्तविधान झाले, असे त्यांनी शपथेवर सांगितले. ते खोटे ठरविले गेले. त्याच वर्षी त्यांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ही गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो. या खटल्याच्या ओझ्याखाली दुसरा एखादा मनुष्य वेदांचे पान उलटू शकला नसता.

सेशन्स न्यायाधीशांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि १९०४ च्या जानेवारीत टिळकांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले. शेवटी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द केली. ताईमहाराज त्यापूर्वीच, १९०३ च्या सप्टेंबरमध्ये वारल्या होत्या.

माणूस सुटला, पण शब्द खरा ठरला नव्हता. दत्तकाचा दिवाणी दावा चालूच होता. १९०६ साली खालच्या न्यायालयाने औरंगाबादेचे दत्तविधान खरे मानले. १९१० साली उच्च न्यायालयाने ते फिरविले. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, आणि आपण ज्याविषयी शपथ वाहिली ती गोष्ट घडलीच नाही, असा निकाल त्यांना तेथे ऐकावा लागला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून दत्तविधान कायम केले. औरंगाबादच्या त्या दिवसाला तोवर जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती. एकच दिवस, एकच घर, तेच साक्षीदार. त्यांविषयी एका न्यायालयाने हो म्हणावे, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने पुन्हा हो. शपथेवर खरे बोललेला मनुष्य मध्यंतरी खोटा म्हणून तुरुंगाचे दार पाहून आला.

तेव्हा न्यायाधीश या कलमाला हात घालण्यास कचरतात, याबद्दल त्यांना दोष देणे मला जमत नाही. पण त्यांच्या या संकोचाची किंमतही लहान नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. खोटे बोलून काही होत नाही, हे एकदा सर्वांना कळले की मग शपथ हा एक उपचार होतो. आणि साक्षीदार विकत मिळतो, नाहीतर धाकात ठेवता येतो.

धाकाची गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १ मार्च २००२ रोजी बडोद्यात बेस्ट बेकरीच्या आगीत चौदा माणसे प्राणास मुकली. खटला उभा राहिला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि २००३ च्या जूनमध्ये सगळेच्या सगळे एकवीस आरोपी सुटले. त्या घरातील एका तरुण मुलीने मग सांगितले की, जिवाच्या भीतीने मी न्यायालयात खोटे बोलले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला नव्याने आणि तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालविण्याचा हुकूम दिला. मुंबईत तो चालला; २००६ च्या फेब्रुवारीत नऊ जणांना जन्मठेप झाली, त्यांपैकी चौघांची पुढे उच्च न्यायालयात कायम राहिली. पण जिच्या तोंडच्या कबुलीवरून हे सारे पुन्हा सुरू झाले, ती मुलगी मधल्या काळात परत उलटली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तिला एक वर्षाची साधी कैद आणि पन्नास हजार रुपये दंड केला. जिने आपल्या घरची माणसे आगीत गमावली होती, तीच शेवटी शिक्षा भोगावयास गेली. न्यायालयाचे चुकले, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. आणि ठीक झाले, असेही म्हणवत नाही.

येथे कायद्यातील एक विलक्षण उदाहरण सांगितले पाहिजे. साक्षीदार मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर म्हणतो, याने त्याला सोटा मारताना मी पाहिले. पुढे सेशन्स न्यायालयात तोच शपथेवर म्हणतो, मारलेच नाही. आता खोटे कोणते, पहिले की दुसरे? फौजदारी प्रक्रियेचा कायदा म्हणतो, ते शोधण्याची गरज नाही. दोहोंपैकी एक खोटे आहे, एवढ्यावरच त्याला दोषी धरता येईल. तर्कदृष्ट्या हे बिनतोड आहे. पण त्या साक्षीदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पहिली जबानी पोलिसांच्या किंवा गावच्या पुढाऱ्याच्या दडपणाखाली दिली असेल आणि न्यायाधीशासमोर उभे राहताच त्याच्या मनाने उचल खाल्ली असेल, तर तो काय करील? पहिले खोटे तसेच धरून ठेवले तर एक निरपराध माणूस तुरुंगात जाईल; खरे सांगितले तर स्वतः जाईल. खोट्याला शिक्षा देणारे हत्यार असे खऱ्याचाही रस्ता अडवते. नुसत्या शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांनी ही कोंडी लक्षात घ्यावी.

पोलिसांपुढच्या जबानीची तऱ्हा आणखी निराळी. ती शपथेवर नसते आणि तिच्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. त्यामुळे न्यायालयात तो तिच्या अगदी उलट बोलला, तरी तेवढ्यावरून त्याने खोटी साक्ष दिली असे होत नाही. फितूर साक्षीदाराला शिक्षा का होत नाही, असे वर्तमानपत्र वाचून आपण चिडून विचारतो, त्याचे एक साधे उत्तर हे आहे.

या शतकात कायदा उशिराने का होईना, दुसऱ्या टोकाकडे वळला. साक्षीदाराला खोटे बोलण्यासाठी धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा २००६ साली संहितेत आला. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १८६० च्या कायद्याने बोलणाऱ्याची जीभ पाहिली होती, तिच्यावर कोणाचा हात आहे हे पाहावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. २०१७ साली महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षणाची योजना सर्व देशभर लागू केली: धोका किती आहे याची चौकशी, घराला पहारा, आरोपी आणि साक्षीदार समोरासमोर येऊ नयेत अशी न्यायालयातील व्यवस्था, प्रसंगी नाव पालटून दुसरीकडे वस्ती. आता प्रत्येक राज्याने अशी योजना केलीच पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिले आहे. खर्चाचे काम आहे. पण पहाऱ्यावाचून ज्याला उभे केले, तो बदलला म्हणून त्यालाच पिंजऱ्यातून कोठडीत नेणे, हा काही स्वस्त न्याय म्हणता येणार नाही. ज्याच्या पाठीशी पहारा होता, ज्याला कोणाचे भय नव्हते आणि तरीही जो पैशासाठी किंवा हट्टासाठी शपथेवर खोटे बोलला, त्याच्यासाठी मात्र न्यायाधीशाने ती किल्ली खुशाल फिरवावी. तेथे संकोचाचे कारण मला दिसत नाही.

ताईमहाराज प्रकरणाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. उच्च न्यायालयाने १९१० च्या निकालात टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्यावर मोठे दूषण येईल असे निष्कर्ष काढले होते. प्रिव्ही कौन्सिलने त्यावर आक्षेप घेतला. साक्षीदार शपथेवर उलटतपासणीस उभा असता, त्याच्याविरुद्ध एखादा कागद वापरावयाचा असेल, तर तो त्याला दाखवून खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे. ती न देता मागाहून त्याच कागदावरून त्याला खोटा ठरविणे बरोबर नाही, असे त्यांनी सांगितले. आजही आपल्या न्यायालयांत एखादा वकील उठून म्हणतो की, माझ्या साक्षीदाराला हा प्रश्न विचारलाच नव्हता, आता त्यावरून त्याला खोटारडा म्हणू नका. आणि आधार म्हणून ज्या निवाड्यांची नावे सांगतो, त्यांत 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' हे नाव असते.